डॉक्टर होणाऱ्या लेकीचं संशोधन

भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल, तर थापत राहा. आजचा विषय कर्जफेडीचा नाही, शेळ्यांचा नाही आणि मसाल्याच्या पॅकिंगचाही नाही. आज मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींच्या संशोधनाबद्दल बोलायचं आहे. यात आपला काय संबंध, असं वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण ही मुलं संशोधनाला जातात कुठे? आपल्याच दारात येतात. शिवाय आता आपल्या गटांमधल्या बायकांच्या लेकीही डॉक्टरकीला लागल्या आहेत.

आमच्या प्रभागात एका गटाच्या सचिव आहेत. त्यांची मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण तिने मला आधीच दम दिलाय, "ताई, रेडिओवर माझं नाव घेतलंस तर मी गावात पाऊल टाकणार नाही." म्हणून तिला आपण सचिवांची लेक म्हणू.

गेल्या वर्षी ती दुसऱ्या वर्षाला होती. एका संध्याकाळी सचिवताई माझ्या घरी आल्या, त्या रडायच्या बेतात. म्हणाल्या, "पोरगी सुट्टीत घरी येत नाही म्हणते. कुठल्या मॅडमच्या हाताखाली दोन महिने संशोधन करणार आहे. अहो, आधी पास तर हो म्हणावं. बँकेचं कर्ज काढलंय तिच्या बापानं. ह्यातनं मार्क वाढणार आहेत का?"

मी बीए झालेली, तोही इतिहास घेऊन. मला कुठलं माहीत असणार? मी म्हटलं, ती आली की मला भेटायला सांगा. ती आली. तिने जे सांगितलं आणि पुढे वर्षभर मी जे पाहिलं, ते तुम्हाला सांगते.

एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा असतो आणि नंतर एक वर्ष इंटर्नशिप. या सगळ्या काळात मुलं जे वाचतात ते दुसऱ्या कुणीतरी शोधून ठेवलेलं असतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की अमुक आजाराला अमुक औषध. ते कुणी ठरवलं, कसं ठरवलं, आणि आपल्या भागातल्या माणसांना ते तसंच लागू पडतं का, हे विचारायला वेळ नसतो. ही विचारायची सवय लागावी म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, 1979 साली विद्यार्थ्यांसाठी एक योजना सुरू केली. विद्यार्थ्याने आपल्याच कॉलेजातल्या एका शिक्षकाला मार्गदर्शक म्हणून धरायचं, एक छोटासा प्रश्न निवडायचा, प्रस्ताव लिहून पाठवायचा. दिल्लीहून मंजुरी आली की दोन महिने काम करायचं आणि अहवाल पाठवायचा. अहवाल मान्य झाला तरच प्रमाणपत्र आणि विद्यावेतन मिळतं. म्हणजे आपल्या गटासारखंच, आधी हिशोब दाखवा, मग पुढचं बोला.

एका प्रस्तावावर एकच विद्यार्थी असतो. चार मैत्रिणींनी मिळून एक करू, असं चालत नाही. आणि ही योजना शिकणाऱ्यांसाठी आहे, इंटर्नशिप करणाऱ्यांना ती मिळत नाही.

आता सचिवताईंचा प्रश्न, मार्क वाढतात का? खरं सांगायचं तर नाही. पुढे एमडी-एमएसला प्रवेश मिळतो तो नीट पीजी परीक्षेतल्या गुणांवर. तिथे संशोधन केलं म्हणून कुणी वरचा नंबर देत नाही. उलट वर्गाला दांडी झाली तर पंचाईत. थिअरीला पंचाहत्तर टक्के आणि प्रॅक्टिकलला ऐंशी टक्के हजेरी लागते, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत. त्यामुळे "संशोधन कर, सगळं छान होईल" असं मी कुणाच्याही आईला सांगणार नाही. ज्या मुलीचे विषय मागे पडलेत, तिने आधी ते काढावेत. एक मात्र आहे, एमडी किंवा एमएस करताना प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. तिथे पहिल्यांदाच हात घालणारे गडबडतात. ज्याने आधी एकदा केलेलं असतं त्याला निदान वाट माहीत असते.

सचिवांच्या लेकीचा पहिला प्रस्ताव पहिल्या वर्षी गेला होता आणि तो आलाच नाही. तिने विषय निवडला होता 'ग्रामीण स्त्रियांचं आरोग्य'. केवढा मोठा! तिच्या गाईड मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं की हा विषय दोन महिन्यांत काय, दोन जन्मांत होणार नाही. पण पोरीने ऐकलं नाही. मॅडमनी पाठवू दिला. नापास झाल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "आता बसूया?"

मला या मॅडम इथे आवडल्या. मार्गदर्शक म्हणजे पुढे हात धरून नेणारा, असं आपल्याला वाटतं. खरं तर चांगल्या मार्गदर्शकाचं निम्मं काम प्रश्न लहान करण्याचं असतं. बसून बसून त्यांनी प्रश्न इथवर आणला: गरोदरपणात लोहाच्या गोळ्या मिळालेल्या बायकांनी त्या खरंच खाल्ल्या का, आणि नसतील खाल्ल्या तर का नाही. बस्स, एवढंच. गोळ्या वाटल्याची नोंद दप्तरात असते. पोटात गेल्याची नोंद कुठे असते?

हा प्रश्न लहान दिसतो, पण साधा नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायकांमागे 54 बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याच्या आधीच्या पाहणीत हा आकडा 48 होता. म्हणजे वाढला! गोळ्या गावोगाव पोचत असताना वाढला. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली आणि बाकीच्या बाईचं 12 च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात. आपल्यात कितीजणींना आपला आकडा माहीत आहे? पासबुकातली शिल्लक तोंडपाठ असते.

प्रस्ताव मंजूर झाला. पण त्याआधीच्या एका टप्प्याबद्दल सांगते, कारण आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. माणसांवर कुठलंही संशोधन करायचं तर कॉलेजच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे नीतिसमितीची, लेखी परवानगी लागते. या समितीत फक्त डॉक्टर नसतात. कायदा जाणणारा एक माणूस असतो, आणि एक साधा माणूसही असतो, ज्याचा वैद्यकीशी संबंध नाही. त्याने विचारायचं, हे माझ्या घरात आलं तर मला कळेल का, मला चालेल का?

परवानगी मिळाल्यावर पोरगी तो फॉर्म घेऊन आमच्या गटाच्या मासिक बैठकीत आली. तिला वाटलं होतं की आपल्याच गावात काम करू, सगळ्या ओळखीच्या. मॅडमनी नाही म्हणून सांगितलं. "तुझ्या गावातली बाई तुला सांगणार नाही, तुझ्या आईला ऐकवायचं तेच सांगेल." काम व्हायचं होतं कॉलेजच्या ग्रामीण केंद्राजवळच्या दुसऱ्या एका गावात. आमच्या बैठकीत फक्त प्रश्न नीट कळतात का एवढं बघायचं होतं. रक्त नाही, नावं नाहीत.

पहिला प्रश्न तिने वाचला, "आपण लोहयुक्त आहाराचे नियमित सेवन करता का?" सगळ्या जणी एका सुरात, "हो!" आमच्या आक्का तर म्हणाल्या, "लोखंडाच्याच तव्यावर भाकरी करतो गं आम्ही." पोरीचा चेहरा उतरला. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तो प्रश्न मोडला. काल दिवसभरात काय खाल्लं? पालेभाजी होती का, कोणती? जेवणावर लगेच चहा घेतला का? चहा विचारायचं कारण हे की चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो, आणि लिंबू पिळलं तर मदत होते. 'नियमित' या शब्दाचा अर्थ प्रत्येकीचा वेगळा असतो, पण 'काल' सगळ्यांचा सारखाच असतो.

दुसरा प्रश्न होता, "गोळ्या का घेतल्या नाहीत?" यावर सगळ्या गप्प. एका सुनेच्या शेजारी तिची सासू बसलेली. मी पोरीला हळूच म्हटलं, हा प्रश्न चारचौघीत विचारायचा नसतो. नंतर भांडी घासताना तीच सून मोरीपाशी म्हणाली, गोळ्यांनी शौचाला काळं होतं, पोटात मळमळतं, आणि सासूबाई म्हणतात की बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल. तीन कारणं एका दमात. फॉर्मवर मात्र उत्तर आलं असतं 'विसरले'.

आणि मग आक्कांनी जो प्रश्न विचारला, त्यावर पोरीकडे उत्तर नव्हतं. "रिपोर्ट देणार का?" काही वर्षांपूर्वी एका कॉलेजची मुलं आमच्या गावात आली होती. शाळेत टेबलं मांडली, बायकांच्या हातातून रक्त घेतलं, अंगठे घेतले, बिस्किटं वाटली आणि गेली. आजतागायत एक चिठ्ठी आली नाही. त्या वेळी एका बाईला फार धाप लागायची. तिचं रक्त किती होतं ते त्या मुलांच्या वहीत नक्की असेल, पण तिला कुणी सांगितलं नाही. पुढे ती शेतात चक्कर येऊन पडली तेव्हा तालुक्याला नेली आणि रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्या. तेव्हापासून आमच्या गावात कागद घेऊन कुणी आलं की बायका दार लोटून घेतात. मी त्यांना दोष देत नाही.

पोरगी हे सगळं लिहून घेऊन गेली. मॅडमनी फॉर्म बदलला, आणि बदललेला फॉर्म पुन्हा समितीपुढे ठेवला. बदलला की पुन्हा विचारावंच लागतं, परस्पर चालत नाही. नव्या फॉर्ममध्ये ठरलं की बोट टोचून हिमोग्लोबिन पाहिलं की आकडा तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहून त्या बाईच्या हातात द्यायचा, आणि फार कमी निघालं तर त्याच दिवशी आशाताईंना सांगून आरोग्य केंद्रात पाठवायचं. प्रश्न विचारताना घरातलं दुसरं कुणी जवळ नको, हेही लिहिलं.

मग ते दोन महिने. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी गाव. घरं कुठली घ्यायची तेही तिच्या मनावर नव्हतं. यादीतल्या घरांतून चिठ्ठी टाकून पहिलं घर काढायचं आणि तिथून पुढे ठरलेल्या अंतराने, म्हणजे समजा दर आठवं घर. घराला कुलूप असेल तर? शेजारचं घ्यावं की. पण नाही! त्याच घरी पुन्हा जायचं, तिसऱ्यांदाही जायचं. मी विचारलं, एवढा हट्ट कशाला? तेव्हा तिने जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. दिवसा कुलूप कुणाच्या घराला असतं? जी मजुरीला जाते तिच्या. दार उघडं कुणाचं असतं? जिचं घरात बसून भागतं तिचं. कुलपाचं घर सोडून शेजारचं घेत गेलं की अहवालात सगळ्या घरी बसणाऱ्या बायका येतात, आणि मजुरी करणारी बाई गावातून गायब होते. कागदावरून नाहीशी झाली की योजनेतूनही नाहीशी होते. मैत्रिणींनो, आपल्या घरकुलाच्या याद्या आठवल्या ना?

एकदा ती फार दमली होती, उद्या परीक्षा होती, पाच घरं राहिली होती. तिनेच मला कबूल केलं की झाडाखाली बसून ते पाच फॉर्म अंदाजाने भरून टाकावेत असं मनात आलं. कोण बघणार होतं? भरले नाहीत, कारण मॅडम मधूनच कुठल्याही दोन घरी जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारायच्या. असा धाक असलेला मार्गदर्शक मिळणं नशिबाचं. सगळेच तसे नसतात. काही जण विद्यार्थ्याच्या अर्जावर सही करतात आणि मग भेटतच नाहीत. काही ठिकाणी काम मुलांचं आणि नाव दुसऱ्याचं असंही होतं. म्हणून आपल्या लेकरांना सांगायचं: गाईड धरताना मोठं नाव बघू नका, आठवड्यातून एकदा अर्धा तास देणारा बघा. लेखात नाव कुणाकुणाचं येणार हे आधीच विचारा. आणि पैसे भरा, तुमचा लेख आठ दिवसांत छापतो असं कुणी म्हणालं, तर तिकडे फिरकूही नका.

विद्यार्थ्यांच्या हातून खरंच काही लागतं का, की नुसता सराव? इतिहासवाली असल्यामुळे हे मी जरा शोधलं. 1869 साली जर्मनीत बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याला सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडात पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसले, पाण्यातल्या बेटांसारखे. ते काय काम करतात हे मला माहीत नाही, असं त्याने सरळ लिहून टाकलं. साखरेच्या आजारात जे इन्शुलिन घेतात, ते शरीरात तयार होतं याच बेटांमध्ये. इन्शुलिन हाताशी यायला त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं गेली, पण बेटांना आजही त्या पोराचं नाव आहे.

दुसरा अमेरिकेतला, बाल्टिमोरचा जे मॅक्लीन. 1916 सालची गोष्ट. डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होता, आपल्या सचिवांच्या लेकीसारखाच. त्याच्या गुरूंनी, हॉवेलनी, त्याला रक्त गोठवणाऱ्या पदार्थाचा अभ्यास करायला दिला होता. याला प्राण्याच्या यकृतातून असं काही मिळालं की ज्याने रक्त गोठतच नाही. अगदी उलट! गुरूंचा विश्वास बसेना. तेव्हा त्याने एका भांड्यात रक्त घेऊन त्यात तो पदार्थ घातला, गुरूंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, गोठलं की मला सांगा. ते गोठलं नाही. त्या धाग्यावरून पुढे अनेकांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि हिपॅरिन नावाचं औषध आलं. आपल्या ओळखीत कुणाचं डायलिसिस चालू असेल, तर यंत्राच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून हेच औषध वापरतात. गुरूंनी दिलेल्या प्रश्नाचं उलटं उत्तर आलं, आणि पोराने ते झाकलं नाही.

आणि आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण विद्यार्थ्यांचं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 1989 साली ते 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून आलं. शंभरातल्या 92 बायकांना अंगावरून जाण्यापासून पुढे काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या बायका शंभरात फक्त 8. दुखणं होतं, पण कुणी विचारलंच नव्हतं म्हणून कागदावर नव्हतं.

तर आता एखादी मुलगी पांढरा कोट घालून, हातात फॉर्म घेऊन तुमच्या दारात आली तर काय करायचं? दार लोटू नका, पण लगेच अंगठाही देऊ नका. तिला आधी बसवा, पाणी द्या. मग विचारा, कुठल्या कॉलेजची, गाईड कोण, समितीची परवानगी आहे का. संमतीपत्र मराठीत असलं पाहिजे, आणि वाचता येत नसेल तर ते वाचून दाखवायला हवं. वाचताना तुमच्या विश्वासाची एक बाई साक्षीदार म्हणून बसवता येते. त्याची एक प्रत तुमच्याकडे राहते, त्यावर फोन नंबर असतो. प्रत मागून घ्या आणि पासबुकाच्या पिशवीत ठेवा. रक्त घेणार असाल तर किती, कशासाठी, रिपोर्ट कधी, हे विचारा. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, अर्ध्यात थांबायचाही आहे. नाही म्हटलं म्हणून दवाखान्यातले उपचार किंवा कुठलीही योजना बंद होत नाही. तसं कुणी म्हणालं, तर ते चूक आहे आणि त्या फोन नंबरवर कळवायचं.

आणि हो म्हटलंत, तर खरं सांगा. गोळ्या उकिरड्यावर टाकल्या असतील तर टाकल्या म्हणा. त्या पोरीला चांगलं उत्तर नको असतं, खरं हवं असतं. तुमचं नाव अहवालात येत नाही.

सचिवांच्या लेकीने अहवाल पाठवलाय. मान्य झाल्याचं अजून आलेलं नाही, त्यामुळे विद्यावेतनही नाही, आणि काय निघालं ते मी तिच्या आधी सांगणार नाही. दुसऱ्या वर्षाची परीक्षा ती पास झाली. एका विषयात अगदी काठावर, आणि त्यावरून घरी बोलणी खाल्ली. सचिवताई अजून म्हणतात की ते दोन महिने अभ्यास केला असता तर पाच-दहा मार्क वर आले असते. येतीलही. पण परवा त्यांच्या गटातली एक गरोदर बाई बैठकीला आली, तेव्हा याच सचिवताईंनी तिला बाजूला मोरीपाशी नेलं आणि विचारलं, "गोळ्या मिळाल्यात हे मला माहिताय. खाल्ल्यास किती, ते सांग. काल खाल्लीस का?"

आमच्या गावात येत्या आठवड्यात आशाताई हिमोग्लोबिन तपासणार आहेत. आक्कांनी सांगितलंय की चिठ्ठीवर आकडा लिहून देणार असाल तरच मी बोट पुढे करते. आशाताईंनी कोऱ्या चिठ्ठ्यांचं एक पुडकं आणून ठेवलंय.